डी टाकला की बंद: अपडेट, गिअरबॉक्स निर्दोष!

मंडळी, माझी ऑटोमॅटिक गाडी डी (ड्राइव्ह) टाकला की का बंद पडते, ते सापडलं! बॉक्स उतरवायचा नाहीये, टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि गिअरबॉक्समधला जोड) ठणठणीत आहे, आणि लॉकअप सोलेनॉइडवर (तो जोड लॉक करणारा विजेचा व्हॉल्व्ह) ज्यांनी चहाची पैज लावली होती त्यांनी चहा तयार ठेवा.

आधीचं माहितीच आहे तुम्हाला, पी आणि एनमध्ये आयडल (पाय न देता इंजिनचा वेग) मस्त 750, डी किंवा आर टाकला की आरपीएम गचकन खाली आणि खेळ खल्लास. थ्रॉटल बॉडी, आयडल व्हॉल्व्ह धुऊन झालं, सोलेनॉइडचा कनेक्टर काढून पाहिला, एटीएफ (गिअरबॉक्सचं तेल) गरम इंजिनवर बरोबर लेव्हलला आणि लालभडक. फरक शून्य. एका गॅरेजवाल्याने तर बॉनेटही न उघडता "कन्व्हर्टर गेलाय साहेब" म्हणून आकडा लिहून दिला.

मग विचार केला, डी टाकताना पाय काय करतोय? ब्रेक दाबतोय!

चाकांना विटा लावल्या, हँडब्रेक ओढला, एनमध्येच ठेवून नुसता ब्रेक दाबला. आरपीएम 550, नुसती थरथर. सोडला, परत 750. मग उलटं केलं, ब्रेकला पाय न लावता एनमधून डी (पुढे मोकळी जागा असेल तरच करा हे), गाडी विटांना जरा रेटली पण इंजिन चालू! पार्किंगमध्ये एवढ्या जोरात ओरडलो की वॉचमनकाका धावत आले.

पुढे इंजिनची हवा ओढायची ताकद मोजणारा व्हॅक्युम गेज लावला, नाना पेठेतला, स्वस्त पण इमानदार. मॅन्युअलमधले 18-21 इंच (पाऱ्याचे) समुद्रसपाटीचे असतात, पुणे 560 मीटरवर, म्हणजे इथे दोनेक इंच कमीच धरायचे. माझा 17 वर स्थिर, ब्रेक दाबला की 12. ओबीडीवर (गाडीचा कॉम्प्युटर वाचायचं सॉकेट) शॉर्ट टर्म ट्रिम, म्हणजे कॉम्प्युटर पेट्रोल किती वाढवतोय तो आकडा, 20 टक्क्यांच्या वर उडी मारतो (त्यात लावायचे नकली डोंगल एवढ्यापुरते ठीक, पण आकडे इतके सावकाश बदलतात की जीव जातो). म्हणजे ब्रेक बूस्टरमधून (इंजिनच्या व्हॅक्युमवर पेडल हलकं करणारा डबा) हवा आत शिरतेय, एअर फ्लो सेन्सरला न मोजता, मिक्श्चर लीन (हवा जास्त, पेट्रोल कमी), वरून डीचा लोड, इंजिन बसतं. मॅप सेन्सरवाल्यांनी (जिथे हवेऐवजी तिचा दाब मोजतात) मात्र हेच लक्षण शोधत बसू नका, तिथे अशा लीकने आयडल बऱ्याचदा उलट वाढतं.

शेवटचा पुरावा म्हणून बूस्टरचा पाइप क्लॅम्पने आवळला. पेडल दगड झालं, पण डी, आर, डी, आर, इंजिन हललं नाही! असं ठेवून रस्त्यावर अजिबात काढू नका, ब्रेकला असिस्टच राहत नाही.

आता मुंबईला कुर्ल्याच्या भंगार बाजारातून जुना बूस्टर आणणार होतो, पण हे टाइप करता करता ते ब्रेक ऑइलचं आठवलं. टाकी हळूहळू उतरते आणि चारही चाकं कोरडी, मागे लिहिलं होतं बघा. मास्टर सिलिंडरचा (पेडलच्या जोराने ब्रेक ऑइल ढकलणारा, बूस्टरला लागूनच) मागचा सील गळून ऑइल बूस्टरमध्येच जात असेल तर? बूस्टरमधला रबरी पडदा त्यानेच खाल्ला असणार! मग नुसता बूस्टर बदलून काय उपयोग, नवाही तसाच जाईल. कुर्ला कॅन्सल. रविवारी मास्टर सिलिंडर पुढे ओढून मागे बोट फिरवतो, ओलं निघालं तर दोन्ही नवीनच, ब्रेकच्या बाबतीत भंगारातला माल नको.

कोणाकडे 10 चा फ्लेअर नट स्पॅनर आहे का पुण्यात? साध्या पान्याने लाइनचे नट गोल होतात.