आधी सलाईन, मग पाठ, शेवटी अँटिबायोटिक

लेक अडीच वर्षांची होईपर्यंत आमच्या घरात ‘बालदमा’ हाच शब्द होता. तीनदा न्यूमोनिया झाला. एकदा तर टीबीच्या गोळ्या सुरू करायच्या का, इथवर गाडी गेली. सासूबाई मात्र म्हणायच्या, “हिचा मुका घेतला की व्हट खारट हुत्यात गं.” हे मी कुठल्याच डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं वाटलंच नाही. कुणाचं लेकरू असं खारट लागत असेल, तर डॉक्टरांना जरूर सांगा.

आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका बालरोगतज्ज्ञांनी तिचं न वाढणारं वजन, तेलकट शी आणि न थांबणारा खोकला यांचा एकमेकांशी संबंध लावला आणि आम्हाला पुण्याला घामाच्या तपासणीला पाठवलं. हाताला औषध लावून अगदी हलका करंट देतात आणि अर्धा तास घाम गोळा करतात. त्यातलं क्लोराइड, म्हणजे मिठाचा एक घटक, ६० किंवा त्यापुढे गेलं की सिस्टिक फायब्रोसिस धरतात. या जन्मजात आजारात छातीतला कफ आणि पचनाचे रस घट्ट, चिकट होतात आणि घाम फार खारट होतो. तिचं ९८ आलं. आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेला जीन आल्याशिवाय हा आजार होत नाही, त्यामुळे ‘कुणाच्या घराण्यातून आलं’ हा वाद आमच्या घरात एका संध्याकाळीच मिटला.

खरं शिकणं त्यानंतर सुरू झालं, आणि ते सुरुवातीला चुकलं. एका दवाखान्यात नेब्युलायझर, म्हणजे औषधाची वाफ करणारं मशीन, हातात दिला, औषधं लिहून दिली, पण क्रम कुणी सांगितला नाही. चार महिने आम्ही आधी अँटिबायोटिकची वाफ द्यायचो आणि मग पाठ थोपटायचो. थोपटलं की कफ यायचा, आणि त्याच्याबरोबर नुकतंच दिलेलं महागाचं औषधही बाहेर! आजही आठवलं की पोटात कालवतं.

क्रम समजावला तो आमच्या फिजिओ मॅडमनी. आधी स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) लावून सॅलब्युटामॉलचा पंप, म्हणजे श्वासनळ्या मोकळ्या होतात. मग ३ टक्के सलाईनची, म्हणजे मिठाच्या पाण्याची, वाफ. “कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं ना, तसं हे सलाईन श्वासनळीत पाणी ओढून घेतं आणि चिकट कफ पातळ होतो,” त्या म्हणाल्या. त्यानंतर फिजिओ, म्हणजे पाठ थोपटून कफ सोडवणं, आणि छाती रिकामी झाली की शेवटी अँटिबायोटिक. सलाईनचा पहिला डोस मात्र त्यांनी दवाखान्यातच, डॉक्टरांसमोर दिला. काही मुलांची छाती त्यानं उलट आवळते, म्हणून तो घरी परस्पर सुरू करायचा नाही.

थोपटताना हात सपाट ठेवायचा नाही. ओंजळीसारखा पोकळ करायचा, म्हणजे ‘फट्’ न वाजता ‘ठप्’ वाजतं. अंगात कपडा हवा, कणा आणि बरगड्यांखालची बाजू टाळायची, आणि हे सगळं जेवणाआधी करायचं, नाहीतर उलटी होते. दुसरा हात पाठीवर ठेवला की तळव्याला खरखर लागते. थोपटता थोपटता ती खरखर वर सरकते. हे कळायला मला दोन महिने लागले.

मोठी झाल्यावर तिला ‘हफ’ शिकवायचं होतं. जोरात खोकायचं नाही, घसा उघडा ठेवून श्वास बाहेर ढकलायचा. तिला ते काही केल्या जमेना, नुसतं ‘हू’ करून फुंकायची. मग सासऱ्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढून पुढे धरला. “काचंवर धुकं आण बघू.” ‘हा’ केलं आणि काच पांढरी झाली! दोन-तीन ‘हा’ झाले की कफ आपोआप घशाशी येतो. रोज सकाळी चष्मा पुसणं हे आता आजोबांचं काम.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर आठवतो. आमच्या मंगळवार पेठेत पाणी शिरलं नाही, पण नळ कोरडे पडले आणि विजेचा भरवसा राहिला नाही. मशीनचे कप-मास्क रोज साबणानं धुऊन, ५ मिनिटं उकळून सुकवायचे, त्यालाही पाणी पुरवून पुरवून वापरावं लागलं. वीज नसेल तेव्हा वाफ हुकायची. डॉक्टर फोनवर म्हणाले, “पंपाला वीज लागत नाही, तुमच्या हातांनाही लागत नाही. ते दोन्ही थांबवू नका.” मेणबत्तीच्या उजेडात मी, नवरा आणि सासूबाई आळीपाळीनं तिला मांडीवर घ्यायचो. त्या आठवड्यात सासूबाईंचा हात माझ्यापेक्षा चांगला बसला.

आता ती शाळेत जाते. सकाळी साडेपाचला उठते, शाळेच्या डब्याबरोबर पचनाच्या कॅप्सूल नेते, आणि एप्रिल-मे महिन्यात पाण्याच्या बाटलीत ओआरएस. घामातून मीठ फार जातं, आणि आपल्याकडचा उन्हाळा काही साधा नसतो. अजूनही कधी तिला कंटाळा येतो, दार लावून बसते. मग मी बोलत नाही. पंप, सलाईन, मास्क ट्रेमध्ये मांडून दाराबाहेर बसते. दहा-पंधरा मिनिटांत कडी निघते.