घरगुती स्पीड कंट्रोलर: मोटर थांबवण्याचे गणित

रेडिओवर उडवायच्या छोट्या विद्युत विमानाची मोटर हवी तशी फिरवणे फारसे अवघड नाही; ती योग्य वेळी थांबवणे हे खरे काम आहे. ब्रशवाल्या मोटरसाठी मी बनवलेल्या कंट्रोलरमध्ये आठ पायांचा एटीटायनी १३ हा मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रॅम चालवणारी चिप), आयआरएलझेड ४४ एन हा मॉसफेट (म्हणजे विजेने चालणारा स्विच), एक डायोड आणि दाब स्थिर ५ व्होल्टवर ठेवणारा रेग्युलेटर एवढाच मुख्य ऐवज आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, एक फेरी मारली की काम भागते.

विमानातील रेडिओ रिसीव्हरकडून साधारण दर २० मिलिसेकंदांनी एक पल्स येते. तिची लांबी १ मिलिसेकंद असेल तर मोटर बंद आणि २ असेल तर पूर्ण वेग, असा संकेत आहे. ती मोजायची आणि त्या प्रमाणात मॉसफेट सेकंदाला दोनएक हजार वेळा चालू-बंद करायचा. मॉसफेटच्या नावातील ‘एल’कडे (लॉजिक लेव्हल, म्हणजे कमी दाबावर उघडणारा) मात्र दुर्लक्ष करू नये. आयआरएफ ५४० पूर्ण उघडण्यासाठी गेटवर, म्हणजे त्याच्या नियंत्रणाच्या पायावर, १० व्होल्ट लागतात, तर हा ५ व्होल्टवर उघडतो आणि त्याचा रोध जेमतेम ०.०२५ ओहम राहतो, म्हणजे ५ अँपिअरला सुमारे ०.६ वॅट उष्णता. पंख्याच्या वाऱ्यात त्याला हीटसिंकही लागत नाही.

डायोडची उपेक्षा सर्रास होते. मॉसफेट बंद होताच मोटरच्या गुंडाळीतील प्रवाह डायोडमधून फिरत राहतो, त्यामुळे अर्ध्या थ्रॉटलवर (वेगाची दांडी अर्धी असताना) डायोडवर मोठा भार येतो. तेथे १ एन ४००७ हा संथ, १ अँपिअरचा डायोड बसवणे व्यर्थ आहे. संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमधून काढलेला शॉटकी हा वेगवान डायोड उत्तम चालतो, शिवाय फुकट.

आता थांबवण्याविषयी. बॅटरी जोडताना थ्रॉटलची दांडी वर असेल तर पंखा थेट बोटांवर येतो, म्हणून दांडी तळाशी आल्याचे काही पल्स सलग दिसल्याखेरीज प्रोग्रॅम मोटरला हात लावत नाही. पल्स येणे थांबले किंवा तिची लांबी विचित्र आली, तरी काही क्षणांत मोटर बंद. गेट आणि ग्राउंडमध्ये १० किलोओहमचा रोधक हवाच, कारण मायक्रोकंट्रोलर रीसेट होत असताना त्याचा पाय अधांतरी असतो आणि तेवढ्यात मॉसफेट अर्धवट उघडू शकतो.

दोन सेलच्या लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरीचा दाब भाराखाली ६.४ व्होल्टवर आला की मी मोटरचा पुरवठा तोडतो, सर्व्हो (सुकाणू हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मात्र चालू ठेवतो, म्हणजे विमान तरंगत उतरवता येते. येथे साधा ७८०५ रेग्युलेटर उपयोगाचा नाही. त्याला आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या दाबात जवळजवळ २ व्होल्टचे अंतर लागते, म्हणून कमी अंतरावर चालणारा एलएम २९४० घेतला. भार सुटताच बॅटरीचा दाब पुन्हा चढतो, आणि प्रोग्रॅमने तेवढ्यावर विश्वास ठेवला तर मोटर आचके देत राहील. त्यामुळे दांडी एकदा शून्यावर आणल्याशिवाय ती पुन्हा सुरू होत नाही.