रात्री लेकरांजवळ कोण असतं?

परवा धाराशिवला बालगृहांच्या कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण घेतलं. समोर अधीक्षक होते, समुपदेशक होते, परिवीक्षा अधिकारी होते. मी विचारलं, रात्री मुलांजवळ झोपणारं कुणी आलंय का? एकही हात वर झाला नाही. स्वयंपाकाच्या मावशीही नव्हत्या.

दर वेळी हेच होतं आणि जीव तुटतो. लेकरू दिवसा शाळेत जातं, खेळतं, समुपदेशकाशी नीट बोलतंही. भीती बाहेर येते रात्री. तेव्हा जवळ असतात त्या मावशींना कामावर घेताना चाव्यांचा जुडगा आणि हजेरीचं रजिस्टर, एवढंच दिलेलं असतं.

मी गृहमाता म्हणून लागले तेव्हा मलाही कुणी काही शिकवलं नव्हतं. ऊसतोड कामगाराचा एक नऊ वर्षांचा मुलगा होता. पहाटे उठेना म्हणून मी त्याचं पांघरूण ओढलं. तो किंचाळत कॉटखाली शिरला. हात धरायला गेले तर मनगटाला कडकडून चावला. शिक्षा म्हणून मी त्याला नाश्त्याच्या रांगेत सगळ्यांच्या मागे उभं केलं. त्याची लाज मला आजही वाटते. खरं काय ते तीन महिन्यांनी कळलं. फडावर ऊस भरायला ट्रॅक्टर रात्री दोनला येतो, तीनला येतो. मुकादमाची हाक आली की कोपीतली, म्हणजे फडावरच्या झोपडीतली, माणसं तशीच अंधारात उठतात. अशाच एका रात्री गाडी भरताना त्याची आई गेली. ते सांगायला आलेल्या माणसाने त्याला पांघरूण ओढूनच उठवलं होतं.

म्हणून मी आता लेकराला उठवायचं कसं, इथूनच सुरुवात करते. आधी दिवा लावायचा. पायथ्याशी उभं राहायचं, उशाशी नाही. अंगाला हात न लावता त्याचं नाव घ्यायचं, आपलं सांगायचं, किती वाजले ते सांगायचं. दचकून उठलं तर "काय झालं, काय झालं" करायचं नाही. त्या घडीला अंग धोक्याच्या तयारीत असतं, छाती धडधडत असते, विचार सुचत नाही, सांगणार कसं? पाणी द्यायचं, पाय फरशीवर टेकवायला सांगायचं, बाजूला बसून राहायचं. बोलणं सकाळी.

"ताई, पोरं नाटकं करतात ओ," असं कुणी म्हणालं की मी किल्लारीच्या भूकंपाचा विषय काढते. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. औशाकडच्या एका बालगृहात मी विचारलं, त्यानंतर रस्त्याने जड ट्रक गेला, भांडी वाजली, की तुम्ही काय करायचात? पन्नाशीचे एक मामा हळूच म्हणाले, "बाहेर पळायचो. अजून बी पत्रा वाजला की उठून बसतो." त्या दिवशी नाटकाचा विषय पुन्हा निघाला नाही.

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ८२ बहुतेकांना माहीत असतं: शिस्तीसाठी मारलं तर पहिल्या वेळी दहा हजार रुपये दंड. हात उचलायचा नाही हे कळलं. मग करायचं काय, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही.

तरी काहीजणी आपल्या आपण शोधतात. एका मुलीच्या उशीच्या अभ्र्यात वाळलेल्या भाकरीचे तुकडे सापडायचे. मुंग्या व्हायच्या, बोलणी बसायची. स्वयंपाकाच्या मावशींनी तिच्या कॉटशी झाकणाचा स्टीलचा डबा ठेवला. रोज रात्री त्यात चतकोर भाकरी आणि गुळाचा खडा. "हा तुझा. कोणी हात लावणार नाही." पहिले कित्येक दिवस ती रात्री उठून नुसतं झाकण उघडून बघायची. मग एका सकाळी डबा स्वयंपाकघरात परत आला, भाकरी तशीच.

पुढचं प्रशिक्षण मी रात्री आठला मागितलंय, बालगृहातच, जेवणं उरकल्यावर. आणि त्या मावशींना म्हणलंय, डबा घेऊन या, पहिला तास तुमचा.