वरचा एक

आमच्या लीड्सच्या ऑफिसातल्या ग्रुपने एका हॉस्पिससाठी, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णांची शेवटपर्यंत काळजी घेणाऱ्या संस्थेसाठी, पैसे गोळा करायला यॉर्कशायर थ्री पीक्स करायचं ठरवलं आणि चहा घेता घेता कोणीतरी विचारलं तर मी हो म्हणून बसले. पुण्यात वाढलेय, सिंहगड काय डोळे मिटून चढतो आपण, असला माज. आकडे बघून तर हसूच आलं, पेनिगेंट 694 मीटर, व्हर्नसाइड 736, इंगलबरो 723, आपला सिंहगड समुद्रसपाटीपासून तेराशेच्या वर आहे की! मग कळलं की हे तिन्ही एकाच दिवशी, जवळपास 39 किलोमीटर, एकूण चढ दीड हजार मीटरच्या वर, आणि बारा तासांत परत. माज तिथेच उतरला.

तरी चालणं परवडलं, पैसे मागणं नको. इथे आपल्या नावाचं ऑनलाइन पान उघडायचं, लिंक सगळ्यांना पाठवायची, लोक त्यावर देणगी टाकतात. हे आईला फोनवर समजावताना घाम फुटला.

"म्हणजे चालणार तू आणि पैसे देणार लोक?"
"हो."
"तुला?"
"नाही गं, हॉस्पिसला."
"मग त्यांनाच थेट देऊ देत की, तू कशाला पाय मोडून घेतेस?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, अजूनही धड नाहीये. शेवटी तीच म्हणाली, "मग नवस म्हण ना सरळ, बोलायचा एकाने आणि फेडायचा दुसऱ्याने."

पानावर ऑफिसवाल्यांचे 10, 20, 20 आणि आमच्याकडचे 11, 21, 51. मॅनेजरबाईंनी विचारलं, हे करन्सी कन्व्हर्जनमुळे होतं का? म्हटलं नाही हो, शून्यावर थांबलं की व्यवहार संपला, वर एक ठेवला की पुढे चालू राहतो, म्हणून आमच्यात आहेराच्या पाकिटाला रुपया आधीच चिकटवलेला येतो. त्यांना ते भयंकर आवडलं.

हॉर्टन गावातून सकाळी साडेसहाला निघालो. पेनिगेंटला शेवटी हाताने दगड धरून चढावं लागतं, ते मजेत झालं. रिबलहेडच्या 24 कमानींच्या रेल्वे पुलापाशी चहा मिळाला, आणि बसले तेव्हा कळलं की उठता येत नाहीये. व्हर्नसाइडवर पाऊस. मी शेंगदाण्याची चिक्की काढली तर आमच्यातले एक साठीचे गृहस्थ म्हणाले, हे दाताने खायचं की हातोडीने? पण तीन तुकडे खाल्ले.

त्यांच्याबरोबरच मी मागे राहिले होते, दोघांचेही गुडघे बोलायला लागलेले. हे लोक चालताना हवा आणि बूट यापलीकडे काही बोलत नाहीत, तर एका फाटकापाशी ते म्हणाले, बायकोचे शेवटचे नऊ दिवस तिथे गेले, त्या हॉस्पिसमध्ये. आणि लगेच, कडी नीट लाव हं, मेंढ्या बाहेर पडतात. मी कडी लावली, दोनदा बघितली.

इंगलबरोची चढण म्हणजे दगडी जिनाच, वर मात्र एकदम सपाट, आपल्या सह्याद्रीतल्या पठारांसारखं, आणि धुकं इतकं की उतरायची वाट कुठली तेच कळेना. होकायंत्रवाला एक होता म्हणून बरं. खाली पोचलो तेव्हा बारा तास वीस मिनिटं झाली होती, म्हणजे नियमाने नापास, पण पबमध्ये कोणी तो विषय काढला नाही.

रात्री मिठाच्या गरम पाण्यात पाय सोडून बसले आणि आईला पानाचा स्क्रीनशॉट पाठवला, माझ्या नावावर 640 पौंड. म्हटलं आता तरी कौतुक करेल. दोन मिनिटांत उत्तर आलं, "शून्यावर कसं ठेवलंस?"

तशीच ओल्या हाताने कार्ड शोधलं आणि 11 टाकले.