साठीनंतर परदेशात इंग्रजी शिकवायला जाताना : माझा अनुभव

३१ मे २०२३ रोजी बेळगाव तालुक्यातील एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलमधून मी वयाच्या साठाव्या वर्षी निवृत्त झाले. चौतीस वर्षे मी इंग्रजी शिकवले. माझ्या वर्गातील बहुतेक मुलांच्या घरी मराठी, रस्त्यावर मराठी आणि कन्नड, आणि इंग्रजी मात्र फक्त माझ्या तासाला, अशी परिस्थिती होती. ते काम निवृत्तीच्या तारखेला संपावे असे मला वाटत नव्हते, म्हणून परदेशातील एखाद्या शाळेत दोन-तीन वर्षे शिकवण्याचा विचार मी सेवेच्या शेवटच्या वर्षातच सुरू केला. आज मी मालदीवमधील एका बेटावरच्या शाळेत आहे. इथे पोहोचेपर्यंत जे करावे लागले ते सविस्तर लिहीत आहे, कारण सीमाभागातील शिक्षकांच्या काही अडचणी इतरांपेक्षा वेगळ्या असतात.

सुरुवातीचे काही महिने नुसते नकार समजून घेण्यात गेले. चीनमध्ये इंग्रजी शिकवण्यासाठी इंग्रजी मातृभाषा असलेल्या देशांचेच नागरिक प्रामुख्याने घेतात, शिवाय कामाच्या परवान्यासाठी साधारणपणे साठ वर्षांची मर्यादा असते. म्हणजे माझ्यासाठी तो मार्ग दोन्ही बाजूंनी बंद होता. दक्षिण कोरियाशी भारताचा आर्थिक भागीदारी करार १ जानेवारी २०१० पासून लागू आहे आणि त्यात भारतीय शिक्षकांना इंग्रजीचे सहायक शिक्षक म्हणून वाव ठेवलेला आहे, हे वाचून मला मोठी आशा वाटली होती. परंतु मी पाहिलेल्या जाहिरातींमध्ये तरुण उमेदवारांनाच मागणी होती. व्हिएतनाममध्ये पदवीबरोबर इंग्रजी अध्यापनाचे स्वतंत्र प्रमाणपत्र मागतात. ओमानने खासगी क्षेत्रातील परदेशी कर्मचाऱ्यांवरची साठ वर्षांची अट २०२२ च्या सुरुवातीस काढून टाकली, म्हणून तिथल्या तीन शाळांना मी अर्ज केले. दोन शाळांचे उत्तर आले नाही आणि तिसऱ्या शाळेने जागा भरल्याचे कळवले.

मालदीवचे नाव मला माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सुचवले. तो बेंगळुरूला नोकरी करतो. त्याच्या सांगण्यावरून मी माहिती काढली, तेव्हा लक्षात आले की तिथल्या शाळांमध्ये दिवेही ही तिथली भाषा आणि इस्लाम हे विषय सोडले तर बाकीचे शिक्षण इंग्रजीतून होते, आणि भारतीय शिक्षक तिथे पुष्कळ वर्षांपासून काम करत आहेत. तिथे माझ्या बी. एड. आणि अनुभवाला ऑनलाइन मिळणाऱ्या इंग्रजी अध्यापनाच्या १२० तासांच्या प्रमाणपत्रापेक्षा अधिक किंमत होती. ज्यांच्याकडे बी. एड. नाही त्यांनी मात्र असे प्रमाणपत्र घेताना नीट चौकशी करावी. केंब्रिजच्या सेल्टा या इंग्रजी अध्यापनाच्या अभ्यासक्रमात खऱ्या विद्यार्थ्यांना किमान सहा तास शिकवून दाखवावे लागते आणि प्रशिक्षक समोर बसून ते पाहतात. केवळ व्हिडिओ पाहून मिळणारे प्रमाणपत्र त्याच्या तोडीचे नाही.

याच काळात शहरातील एका एजंटने नोकरीची हमी देऊन माझ्याकडे दीड लाख रुपये मागितले आणि आधी पर्यटक म्हणून जा, परवाना तिथे गेल्यावर करून देऊ, असे सांगितले. हे सरळ फसवणुकीचे लक्षण आहे. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाची परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी असावी लागते, त्याचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो, आणि उमेदवाराकडून ३०,००० रुपये व त्यावरील जीएसटी यापेक्षा अधिक सेवाशुल्क घेण्यास कायद्याने मनाई आहे. या एजंटाचे नाव त्या यादीत नव्हते. मी शाळांना थेट अर्ज करण्याचे ठरवले.

सर्वांत अधिक वेळ कागदपत्रांनी घेतला, आणि माझ्या मते आपल्या भागातील शिक्षकांनी तयारीची सुरुवात इथूनच करावी. माझ्या एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, प्रमाणपत्रावर माहेरचे आडनाव आधी आणि नाव नंतर आहे. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या पदवीवर आडनावाऐवजी केवळ आद्याक्षरे आहेत. बी. एड. लग्नानंतर झाले, त्यामुळे त्यावर सासरचे आडनाव आहे, आणि पासपोर्टवर मधले नाव म्हणून यजमानांचे नाव आले आहे. शाळा सोडल्याचा दाखला मराठीत, सेवेचा दाखला कन्नडमध्ये. गावाचे नावही जुन्या कागदांवर इंग्रजीत बेलगाम आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर बेळगावी असे आहे. आपल्याला यात काहीच वावगे वाटत नाही, कारण आपण ही सगळी नावे रोज वापरतो. पण परदेशातील कार्यालयात बसलेल्या माणसाला त्या कागदांवर तीन वेगळ्या स्त्रिया आणि दोन वेगळी गावे दिसतात.

यावर उपाय एकाच वेळी होत नाही, क्रमाने करावा लागतो. आमचे लग्न १९८६ चे, त्याची नोंदणी कधी केलीच नव्हती. उपनिबंधक कार्यालयाने लग्नपत्रिका आणि छायाचित्र मागितले. सासूबाईंनी जुन्या लोखंडी ट्रंकेत, पैठणीच्या घडीत जपून ठेवलेली पत्रिका मिळाली, कडा पिवळ्या पडलेल्या, हळदीचे बोट अजून तसेच. त्यावरून नोंदणी झाली. मग या सर्व नावांची व्यक्ती मी एकच आहे, असे प्रतिज्ञापत्र ई-स्टँप कागदावर करून नोटरीकडून घेतले आणि त्यात प्रत्येक प्रमाणपत्रावरील नाव जसेच्या तसे, अक्षरशः स्पेलिंगसह लिहिले. गावाच्या दोन्ही नावांचा उल्लेखही त्यातच केला. मराठी आणि कन्नड दाखल्यांची इंग्रजी भाषांतरे करून तीही नोटरीकडून साक्षांकित केली. त्यानंतर पदवी आणि बी. एड. ही प्रमाणपत्रे आधी राज्य शासनाकडून आणि मग परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करून घ्यावी लागतात. मंत्रालय हे अर्ज अधिकृत संस्थांमार्फतच स्वीकारते. माझे मूळ कागद यात सात आठवडे घराबाहेर होते आणि त्या दिवसांत मला नीट झोप लागली नाही, हे मान्य करते. पाठवण्यापूर्वी प्रत्येक पानाची रंगीत प्रत काढून ठेवावी.

पोलिसांकडील चारित्र्याचा दाखला मी हुबळीच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून काढला, त्याचे शुल्क ५०० रुपये होते. तो मी उत्साहाने फार लवकर काढला आणि नोकरी मिळेपर्यंत जुना झाल्यामुळे पुन्हा काढावा लागला. हा दाखला नेमणूक दिसू लागल्यावरच काढावा.

अर्जाचे पत्र मी तीनदा बदलले. पहिल्या पत्रात जन्मतारीख शेवटच्या ओळीत होती आणि वरती सगळी पदे, समित्या, पुरस्कार यांची यादी होती. माझा विद्यार्थी ते वाचून म्हणाला, “बाई, तुम्ही आम्हाला कसं शिकवलंत ते यात कुठंच नाही.” ते मला पटले. नव्या पत्रात मी पहिल्याच परिच्छेदात वय लिहिले, प्रकृती ठीक असल्याचे लिहिले, आणि घरात इंग्रजीचा शब्दही न ऐकणाऱ्या मुलांना चौतीस वर्षे ही भाषा शिकवली आहे, हे मुख्य वाक्य ठेवले. वय आधीच सांगितल्यामुळे ज्यांना चालणार नव्हते त्यांनी लगेच नकार दिला, आणि ज्यांनी बोलावले त्यांच्याशी बोलताना तो विषय निघालाच नाही.

मुलाखत व्हिडिओवर झाली. मुख्याध्यापिका आणि इंग्रजीचे विभागप्रमुख समोर होते. तुमची मातृभाषा इंग्रजी नाही, मग आमच्या मुलांना तुमच्याकडून विशेष काय मिळेल, असा प्रश्न त्यांनी विचारला. मी आधी वाचून ठेवले होते की दिवेही ही मराठीप्रमाणेच भारतीय-आर्य कुळातील भाषा आहे आणि तिच्यातही क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. मी म्हणाले की तुमच्या मुलांना इंग्रजी वाक्यात क्रियापद मध्येच का येते याचा जो गोंधळ होत असेल, तो मला स्वतःला पाचवीत झाला होता आणि त्यातून मी कशी बाहेर आले हे मला आठवते. मग वीस मिनिटांचा नमुना पाठ घेतला. जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी फेरीबोटीचे वेळापत्रक लिहिले होते. ‘द फेरी लीव्ह्ज ॲट सिक्स’ हे वाक्य पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर शब्दाशब्दाने लावले, आणि प्रश्न करताना ‘लीव्ह’च्या मागचा ‘एस’चा तुकडा उचलून ‘डू’च्या शेजारी नेऊन ठेवला : ‘व्हेन डझ द फेरी लीव्ह?’ खानापूरच्या एसटीच्या वेळापत्रकावर हाच पाठ मी कितीतरी वर्षे घेतला होता. विभागप्रमुखांनी तो तुकडा पुन्हा एकदा हलवून दाखवायला सांगितला.

नेमणुकीचे पत्र नऊ दिवसांनी आले. करार एक वर्षाचा होता. राहण्याची सोय, येण्याजाण्याचे तिकीट, परवान्याचा खर्च आणि आरोग्य विमा कोण देणार, या चार गोष्टी त्यात स्पष्ट लिहिलेल्या आहेत का, एवढे मी पाहिले. एक अस्पष्ट होती, ती विचारून लेखी घेतली. पगार रुफिया या तिथल्या चलनात मिळतो आणि तो घरी पाठवण्यावर बँकांच्या मर्यादा असतात, हे आधी माहीत असावे. कामाची मंजुरी हातात आल्यावरच मी विमानाचे तिकीट काढले. निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला दरवर्षी द्यावा लागतो, त्याची ऑनलाइन सोय निघण्यापूर्वी मुलाकडून समजून घेतली. रक्तदाबाची गोळी चालू असल्याचे वैद्यकीय अर्जात लिहिले आणि त्यावरून काहीही अडले नाही.

मागील महिन्यात निपाणीच्या एका शिक्षिकेचा फोन आला. त्या पुढच्या वर्षी निवृत्त होत आहेत आणि कोणत्या देशात अर्ज करावा हे त्यांना विचारायचे होते. मी त्यांना आधी एसएसएलसी, पदवी आणि पासपोर्ट समोर घेऊन त्यांवरील नावे एकेक अक्षर वाचून दाखवायला सांगितले. तिन्ही वेगळी निघाली. माझ्या प्रतिज्ञापत्राचा मसुदा मी त्यांना त्याच रात्री पाठवला.