तीन बोटांचा होकार

सॉफ्टवेअरचे रिलीज लागोपाठ फसले की डेव्हलपर टेस्टरकडे बोट दाखवतात, टेस्टर डेव्हलपरकडे, आणि मग फॅसिलिटेटरला, म्हणजे बैठक चालवून देणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला, बोलावणं येतं. या वेळचा निरोप होता, "टीमला जरा बोलतं करा." असा निरोप नेहमी अर्धवट असतो. बोलून ठरवायचंय काय, आणि ते ठरवायचा अधिकार टीमला आहे का, हे आधी खोदून विचारावं लागतं. म्हणून मॅनेजरांबरोबर अर्धा तास बसून मी कागदावर दोन रकाने पाडून घेतो: ठरून गेलेलं आणि अजून मोकळं असलेलं. इथे रिलीजची तारीख पहिल्यात गेली, चाचणीची पद्धत दुसऱ्यात. हे रकाने बैठकीच्या सुरुवातीला मॅनेजरांनी स्वतः वाचून दाखवायचे. ते झाकून ठेवून टीमचं मत मागणं ही शुद्ध फसवणूक आहे, मग तिला सर्व्हंट लीडरशिप (टीमची सेवा करणारं नेतृत्व) म्हणा नाहीतर आणखी काही.

मॅनेजरांनी खोलीत बसावं का, यावर आमच्या धंद्यात कायम वाद असतो. बरेच सहकारी साहेबांना पहिला तास बाहेर ठेवतात. लोक मोकळे होतात हे खरं, पण नंतर साहेबांपर्यंत पोचतो तो धुऊन-पुसून ठेवलेला सारांश. मी त्यांना आत बसवलं, तीन अटींवर: मार्कर हातात घ्यायचा नाही, मत सर्वांत शेवटी द्यायचं आणि खुलासा करावासा वाटला की त्याऐवजी प्रश्न विचारायचा. तिसरी अट भल्याभल्यांना जड जाते.

माणसं 11, वेळ 90 मिनिटं. ओळख वाढवणारे खेळ मी घेत नाही. आधीच चिडलेल्यांना ते पोरकट वाटतात. पहिली 8 मिनिटं मूक लेखन. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, तोही पूर्ण वाक्यात. नुसतं 'संवाद' असं लिहिलेल्या चिठ्ठीचं काही करता येत नाही. 'बिल्ड बदलल्याचं टेस्टरला कळत नाही' ही कामाची (बिल्ड म्हणजे चाचणीसाठी तयार केलेली सॉफ्टवेअरची प्रत). लिहून घ्यायचं कारण एवढंच की बोलायला सुरुवात केली तर पहिला बोलणारा ज्या दिशेला जातो तिकडेच बाकीचे वळतात. चिठ्ठ्या गोळा करून, पिसून मीच वाचतो. सारख्या चिठ्ठ्या नीट एकत्र आल्या नाहीत तर पुढे मतं फुटतात आणि सगळ्यांना छळणारी अडचण खाली घसरते. 9 गट पडले, म्हणून प्रत्येकाला मत द्यायला 3 ठिपके. गटांच्या साधारण एक तृतीयांश हे प्रमाण बरं पडतं. पसंती आधी स्वतःच्या कागदावर लिहायची, मगच बोर्डाशी जायचं. नाहीतर लोक ठिपक्यांची गर्दी बघून ठिपका देतात.

सर्वाधिक ठिपके 'बिल्ड फ्रीझ पाळला जात नाही' याला पडले. फ्रीझ म्हणजे रिलीजआधी नवे बदल घेणं थांबवणं. उपाय झटकन पुढे आला: फ्रीझ 2 दिवस आधी आणू. बोटांनी कौल घेतला. मूठ म्हणजे ठाम नकार, 3 बोटं म्हणजे चालेल, 5 बोटं म्हणजे मी पुढाकार घेईन. जवळजवळ सगळ्यांची 3. नियमाप्रमाणे ही संमती झाली, आणि कितीतरी फॅसिलिटेटर इथे सगळ्यांचे आभार मानून निघतात. माझ्या मते सरसकट 3 बोटं म्हणजे लोक दमलेत, किंवा यातून काही होणार नाही हे त्यांना पक्कं माहीत आहे. अशा वेळी "का पटत नाही?" विचारलं की माणूस बचावाला लागतो. मी विचारलं, "तिनाचे चार व्हायला या उपायात काय बदलावं लागेल?" आणि गप्प राहिलो. मनात सावकाश 10 अंक मोजायचे. शांतता सहन न होऊन आपणच उत्तर सुचवलं की प्रश्न वाया गेला.

एक ज्युनिअर टेस्टर म्हणाली, "फ्रीझ कधीही ठेवा. सर फोनवर क्लायंटला हो म्हणतात आणि तो उघडतो."

वाक्य जसंच्या तसं बोर्डावर लिहिलं. त्याचं 'बदलांचं व्यवस्थापन' करून टाकणं म्हणजे बाजू घेणं. मॅनेजरांनी तिच्याकडे बघत तोंड उघडलं, थांबले आणि विचारलं, "मागच्या वेळी त्यामुळे काय राहून गेलं?" उत्तरं चौघांकडून आली: रिग्रेशन (आधीचं सगळं अजून चालतंय ना याची फेरचाचणी) अर्धवट सोडलेलं, टेस्ट डेटा जुनाच, रिलीज नोट चुकीची, रोलबॅकची (जुन्या आवृत्तीवर परतण्याची) तालीमच नाही. ठरलं असं: फ्रीझनंतरची विनंती लेखी आणि टीमच्या बोर्डावर, तेवढ्याच आकाराचं काम बाहेर काढल्याशिवाय नवं आत नाही. जबाबदारी मॅनेजरांची, आढावा पुढच्या रेट्रोचा (झालेल्या कामाकडे मागे वळून बघणाऱ्या बैठकीचा) पहिला विषय. दुसऱ्या कौलात एका सीनिअर डेव्हलपरची 2 बोटं होती. सुरक्षेचा गंभीर दोष सापडला तर काय, हा त्याचा प्रश्न रास्त होता. तेवढा अपवाद लिहून घेतला.

माझ्या डोक्यात अजून घोळतंय ते त्या मुलीचं वाक्य. चिठ्ठीला नाव नसतं, तोंडी बोललेल्याला असतं. दुसरा एखादा मॅनेजर ते अप्रेझलपर्यंत लक्षात ठेवेल. एका सहकाऱ्याचं म्हणणं, तिनाचे चार हा प्रश्नसुद्धा चिठ्ठ्यांवरच घ्यायचा. 10 मिनिटं जास्त लागतील, ती मी देईन. पण मॅनेजर थांबले ते माझ्या अटीमुळे की समोर बोलणारी व्यक्ती दिसत होती म्हणून, हे मला अजून ठरवता येत नाही; आणि दुसरं कारण खरं असेल तर चिठ्ठीवरच्या त्याच वाक्याला त्यांनी बहुधा खुलासाच दिला असता.