पाटल्यांतली हळद

७ जून २०२५, शनिवार

सकाळी पेपरात रिझर्व्ह बँकेची बातमी. अडीच लाखांपर्यंतच्या सोनेतारण कर्जाला आता दागिन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत रक्कम देता येणार. अडीच ते पाच लाखांना ८०, त्यावर ७५. बँक सोडून चार वर्षं झाली, तरी अशी बातमी दिसली की हात पेन शोधतो. समासात आकडेमोड केली. सोनं तोळ्याला लाखाच्या आसपास गेलंय. बावीस कॅरटचं धरलं तरी पाच तोळ्यांच्या पाटल्यांच्या जोडावर साडेतीन लाख सहज उचलता येतील.

आणि त्या पाटल्या खोट्या असतील तर साडेतीन लाख सहज बुडतील.

चहा ठेवताना हिने विचारलं, "बँकेचं चाललंय की कादंबरीचं?" मी म्हटलं, कादंबरीचं. खोटं नव्हतं.

निवृत्तीच्या समारंभात सगळे म्हणाले होते, साहेब, आता आठवणी लिहा. मी खरंच बसलो लिहायला. चाळीस पानं झाली. बदल्या, चांगले मॅनेजर, वाईट मॅनेजर, पावसात कॅश घेऊन अडकलेली जीप. एका दुपारी सलग वाचलं तर लक्षात आलं, चाळीस पानांत मी एकदाही चुकलो नव्हतो. कागद रद्दीत घातले. पाठकोऱ्या बाजूंवर हिने वाणसामानाच्या याद्या केल्या, तेवढाच काय तो उपयोग.

रहस्यकथा लिहायचं ठरलं ते त्यानंतर. मुलगी फोनवर हसली. "बाबा, तुम्ही? थ्रिलर?" तिचं हसणं रास्त आहे. घरात झुरळ दिसलं तर मी तिच्या आईला हाक मारतो.

८ जून, रविवार

कादंबरीचं नाव सध्या 'टंच'. ही म्हणते, लोक भलताच अर्थ घेतील आणि कव्हरवर बाई शोधतील. घेऊ देत. आमच्याकडे टंच म्हणजे सोन्याची शुद्धता. शंभरात किती भाग सोनं, किती भेसळ. टंच काढला, टंच कमी आला, टंच चोख आहे, हे शब्द लहानपणापासून कानांवर.

आजोळ खानापूर तालुक्यातलं. विटा, खानापूर, आटपाडी, तिकडे खटाव-माण, या सगळ्या कोरड्या पट्ट्यातली माणसं पोटासाठी बाहेर पडली ती गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं. तमिळनाडू, केरळ, उत्तर प्रदेश, कुठल्याही शहरातल्या सराफ कट्ट्यावर जा, मागच्या बोळात मराठी बोलणारा गलाईवाला भेटायचाच. माझे मोठे मामा कोइमतूरला होते. सुट्टीत एकदा महिनाभर त्यांच्याकडे राहिलो होतो, सहावीत असेन. दहा बाय बाराची खोली, कोळशाची भट्टी, मूस, तेजाबाचा घशात जाणारा वास. दुकानाची फरशी रोज झाडायची, पण केर टाकायचा नाही. केरही वितळवायचा. त्यातही सोनं असतं.

मामांचं एक फार पक्कं होतं: टंच आहे तोच सांगायचा. शेजारच्या सराफाने एकदा गिऱ्हाइकासमोर डोळ्याने खुणावलं, एक पॉइंट कमी सांग. मामांनी आहे तो आकडा मोठ्याने सांगितला आणि त्या सराफाचं काम वर्षभर गेलं. रात्री मामींनी बरंच ऐकवलं त्यांना. मामा भाकरी कुस्करत गप्प.

हे मी कादंबरीत घातलंय. मामा असते तर म्हणाले असते, ह्यात सांगण्यासारखं काय आहे.

१२ जून, गुरुवार

आज ते लिहितो. वहीत तरी.

२८ मार्च २०१३. आदल्या दिवशी धुळवड, दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, रविवारी ३१ मार्च. म्हणजे वर्षअखेरीचं टार्गेट गाठायला हातात दोनच दिवस. माणदेशाच्या कडेचं बाजारपेठेचं गाव, शाखेत आम्ही सात जण. मी ऑफिसर. स्ट्राँग रूमच्या दोन चाव्यांपैकी एक माझ्याकडे, एक हेड कॅशिअरकडे.

सोनेतारणाची रीत अशी. गिऱ्हाईक दागिने आणतं. पॅनलवरचा सराफ कसोटीवर घासून, वजन करून दाखला देतो. क्लार्क कागद करतो. मग दागिने कापडी पिशवीत, वर खातेनंबराची चिठ्ठी, लाखेचं सील. सील करण्याआधी ऑफिसरने दागिना आणि रजिस्टर ताडून 'तपासले' लिहून सही करायची. दागिने नुसते पाहून सोनं ओळखावं अशी कोणाची अपेक्षा नसते. पण बघायचं असतं.

त्या दिवशी एकाच सराफाच्या दाखल्यावर चार कर्जं आली. सगळ्या पाटल्या आणि गोठ. जाड, भरीव माल. सोनेतारणाच्या टेबलावरचा क्लार्क तिशीच्या आतला, नोकरीला तीन वर्षं झालेला. त्याने एक पाटली खिडकीकडे धरून फिरवली आणि म्हणाला, "साहेब, ह्या पाटल्यांत हळद नाही."

मला कळलं होतं तो काय म्हणतोय ते. म्हणूनच हे इतकी वर्षं टोचतंय. रोज हातात असलेल्या पाटलीच्या नक्षीत पीठ बसतं, साबण बसतो, हळद-कुंकू बसतं. रिठ्याच्या पाण्यात उकळली तरी सांध्यात पिवळी रेघ राहते. कडा झिजतात. चार वेगवेगळ्या घरांतून, चार वेगवेगळ्या बायकांच्या हातांतून निघालेल्या पाटल्या, आणि सगळ्यांच्या कडा कोऱ्या.

मी म्हटलं, "धुवून आणल्या असतील. कर सही."

त्याने केली. मग मी केली.

एप्रिलच्या १२ आणि १५ तारखेला जगभर सोनं कोसळलं. १५ ला तर एका दिवसात नऊ टक्क्यांहून जास्त. आपल्याकडे तोळ्यामागे अडीच-तीन हजार गेले. आम्ही किमतीच्या ऐंशी टक्क्यांपर्यंत कर्ज दिलेलं. मार्जिन उडालं, म्हणून नोटिसा काढल्या: फरक भरा किंवा दागिने सोडवा. लोक आले. शिव्या देत आले, पण आले. नवऱ्याशी भांडून, भिशी उचलून, शेळ्या विकून आले. बायकोचा दागिना बँकेत पडलेला माणूस येतोच. अकरा खात्यांचं मात्र कोणीच आलं नाही. पत्ते खरे होते, माणसंही खरी होती. कोणी वीटभट्टीवर, कोणी ऊसतोडीवर. सांगितल्या जागी अंगठा किंवा सही केली आणि दोन हजार मिळाले, एवढंच त्यांना माहीत.

दुसऱ्या गावाहून सराफ बोलावून पिशव्या उघडल्या. त्याने कसोटीवर घासलं, पिवळी रेघ आली. मग त्याने कानस मागितली. एवढा वेळ आम्ही सगळे उभे होतो. दुसऱ्याच फटक्याला तांबडं दिसलं तेव्हा मॅनेजर खाली बसले.

१३ जून, शुक्रवार

काल पुढचं लिहवलं नाही.

चौकशी जूनमध्ये झाली. टेबलाच्या पलीकडे तिघे, अलीकडे आळीपाळीने आम्ही. माझ्या वेळी तो क्लार्कही खोलीत होता. प्रश्न साधा होता: पिशवी सील करण्यापूर्वी कोणी शंका व्यक्त केली होती काय?

मी म्हणालो, "आठवत नाही."

त्यालाही विचारलं असणार. त्याने काय सांगितलं ते मला कळलं नाही आणि मी विचारलं नाही. आठवडाभरात तो निलंबित झाला, पुढे कंटाळून त्याने राजीनामा दिला. मला एक ताकीदपत्र मिळालं आणि दीड वर्षाने बढती.

अहवालाची प्रत मी कितीदा वाचली असेल. 'सदर बाब संबंधितांच्या निदर्शनास आली नाही.' काय वाक्य आहे! कर्ता कुठेच नाही. बँकेत तीस वर्षं मी हीच मराठी लिहिली: कार्यवाही करण्यात आली, त्रुटी आढळून आली, विलंब झाला. आठवणींच्या त्या चाळीस पानांतही हीच भाषा उतरली होती. सगळं आपोआप 'झालं' होतं.

रहस्यकथेत ही सोय नाही. तिथे कोणीतरी केलेलं असावंच लागतं. वाचक पहिल्या पानापासून कर्ता शोधत असतो. शाळेत असताना विट्यातल्या सर्क्युलेटिंग लायब्ररीतून रोजभाड्याने रहस्यकथा आणायचो, गणिताच्या पुस्तकात लपवून संपवायचो. तेव्हाही गंमत खुनाची नव्हती. शेवटच्या दहा पानांत सगळ्यांना एका दिवाणखान्यात बसवून 'तू केलंस' असं तोंडावर सांगितलं जायचं, त्याची होती. आमच्या घरात कोणी कोणाला असं सांगत नसे.

१५ जून, रविवार

कामाचं लिहू. पहिल्या खर्ड्यात मी खोट्या पाटल्यांत टंगस्टन घातला होता. इंटरनेटवर वाचलेलं: टंगस्टनची घनता १९.२५, सोन्याची १९.३. पाण्यात बुडवलं तरी पकडला जात नाही. वाचताना अंगावर काटा आला होता, थ्रिलरला फर्स्ट क्लास. मग भट्टीचा विचार केला. सोनं १०६४ अंशांना वितळतं, टंगस्टन ३४०० च्या पुढे. शिवाय ठिसूळ. माणदेशातला कोणता कारागीर त्याच्या पाटल्या वळणार? बिस्किटात किंवा लगडीत टंगस्टनचा तुकडा दडवणं वेगळं. आमच्याकडे तांबंच होतं, वर सोन्याचा जाड मुलामा.

आणि तांबं पकडणं किती सोपं, हेच तर दुखणं आहे. मामा मोजपात्रात पाणी घेऊन करायचे. पन्नास ग्रॅमची बावीस कॅरटची पाटली पाणी वर चढवते २.८ मिलिलिटर. पन्नास ग्रॅम तांबं चढवतं ५.६, बरोबर दुप्पट. ना तेजाब, ना कानस, ना गिऱ्हाइकाची कुरकुर. मला हे सहावीपासून माहीत होतं. शाखेत मोजपात्र नव्हतं, पण औषधाच्या दुकानात तीस रुपयांना मिळालं असतं.

टंगस्टन काढून टाकल्यावर कादंबरी जरा गरीब झाली. पण रहस्य खलनायकाच्या हुशारीवरून उठून ऑफिसरच्या टेबलावर आलं.

तोवर माझा खलनायक सराफ होता. सोन्याचा दात, दोन बायका, पहिल्याच प्रकरणात विहिरीत तरंगणारा. (खरा सराफ विहिरीत पडला नाही, जामिनावर सुटला.) त्याला मारून मला वाटलं होतं, न्याय झाला. दुसऱ्या खर्ड्यात तो जिवंत आहे. प्रश्न विचारायला मुख्य कचेरीतून एक ऑडिटर बाई येते, आणि ती सराफाला शेवटी भेटते. आधी ती रजिस्टरातल्या सह्या बघते.

१८ जून, बुधवार

त्या क्लार्कचा नंबर हेड कॅशिअरकडून मिळाला. त्याचं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे, ऑनलाइन फॉर्म भरून देतो. दाखल्यांच्या सीझनला म्हणे रांग लागते.

मेसेज लिहायला पाऊण तास लागला. अडलो 'तू' की 'तुम्ही' वर. शाखेत मी त्याला तू म्हणायचो. शेवटी फोनच केला. "साहेब, बोला," असं पलीकडून आलं आणि मी परत तू वर गेलो. सांगितलं, एक कादंबरी लिहिलीय, त्यात तू आहेस, नाव नाही, तू नको म्हणालास तर छापणार नाही.

थोडा वेळ नुसता झेरॉक्स मशीनचा आवाज. मग म्हणाला, "पाठवा की. पण प्रिंट पाठवा. मोबाइलवर मला एवढं वाचवत नाही."

कुरिअर केलं. पावती पाकिटात ठेवलीय.

२९ जून, रविवार

परत आलं. कुरिअरने नाही, विट्याहून येणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर. वर चिठ्ठी नाही. आधी वाटलं वाचलंच नसेल. मग पानं उलटली.

तीन ठिकाणी पेन्सिलच्या खुणा. पान ३१, मी लिहिलं होतं स्ट्राँग रूमची चावी उजवीकडे फिरवली. तिथे बाण काढून 'डावीकडे'. पान ५८, कर्जावरचं व्याज चुकीचं धरलं होतं, ते काटून बरोबर आकडा. क्लार्कची सवय जात नाही.

तिसरी खूण पान ८४ वर, आठव्या प्रकरणात. सही करण्याचा प्रसंग. तो मी फार मन लावून लिहिलाय. रात्रीचे साडेआठ, लाइट गेलेली, इन्व्हर्टर बसलेला, रजिस्टरावर मेणबत्ती, थकलेल्या ऑफिसरच्या डोळ्यांना पाटली नीट दिसत नाही. हिला हे प्रकरण सगळ्यांत आवडलं होतं.

'साडेआठ' शब्दावर एक बारीक रेघ. समासात लिहिलंय: सव्वापाच.

बाकी काही नाही. 'हळद नाही' हे त्याचं वाक्य मी जसंच्या तसं ठेवलंय, त्याला त्याने हात लावलेला नाही. 'आठवत नाही' लाही नाही.

मार्चअखेरीला आमच्याकडे पावणेसातपर्यंत ऊन रेंगाळतं. सोनेतारणाचं टेबल पश्चिमेच्या खिडकीशी होतं.

रात्री जेवण झाल्यावर आठवं प्रकरण उघडलं. आधी मेणबत्ती काढली, मग इन्व्हर्टर, मग डोळ्यांचा थकवा. दीड पान गेलं. उरलेल्या जागेत काय येणार ते मला माहीत आहे, पण आज एवढंच झालं. नाही, एवढंच केलं.